सोलापुरातली काटकसर: माघापासून मृगापर्यंत

सोलापुरात घरखर्च वाचवायचा असेल तर तो बारा महिने सारखा वाचत नाही. माघात नवी ज्वारी बाजारात येते, चैत्र-वैशाखात साठवणीचा कांदा येतो, लाल मिरची येते, आणि याच दिवसांत कूलर, पंखे आणि पाण्याचे ड्रम घराची तिजोरी उघडतात. वर्षभराची निम्मी बचत या चार महिन्यांत ठरते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला की बरीच दारं बंद होतात: धान्य वाळवायला ऊन उरत नाही आणि भावही बदललेले असतात. म्हणून खालची कामं साधारण त्याच क्रमाने दिली आहेत.

ज्वारीची बेगमी

आधी हिशेब. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या मध्यम आकाराच्या दहा-अकरा भाकरी होतात. चार माणसांच्या घरात रोज आठ भाकरी लागत असतील तर महिन्याला साधारण 22 किलो, वर्षाला अडीच क्विंटलच्या आसपास. पहिल्यांदाच भरणाऱ्याने वर्षाची भरू नये. 50 किलोचे दोन-तीन कट्टे, म्हणजे पाच-सहा महिन्यांची बेगमी पुरे. साठवण जमते का, हे त्यावरून कळतं.

घ्यायची ती रब्बीची मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या नावावर काहीही विकलं जातं. त्यामुळे नावापेक्षा दाणा बघा. दाणा टपोरा, पांढरा आणि चकाकता हवा. दाताखाली धरला तर कट्ट वाजून फुटला पाहिजे. दबला किंवा चिकट लागला तर ओल आहे, आणि तसा कट्टा स्वस्त मिळाला तरी महागच पडतो. टोकाला काळी पडलेली ज्वारी पावसात भिजलेली असते, तिची भाकरी काळपट होते. दुकानातच किलोभर चाळून पाहायला मागा. किलोत 20 ग्रॅम माती-काडी निघाली तर क्विंटलमागे 2 किलोंचे पैसे कचऱ्याला गेले. भाव करायचा तो हा वजा करून.

घरी आणल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, थर बोटभर जाडीचा, दिवसातून दोनदा हात फिरवून. इथेच बहुतेक जण चुकतात. संध्याकाळी गरमागरम ज्वारी तशीच कोठीत ओततात. रात्री पत्रा गार पडतो, आत घाम धरतो, आणि महिन्याभरात वरचा थर कुबट लागायला लागतो. ज्वारी रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यावी, सकाळी भरावी. तळाला आणि मधल्या दोन थरांत कडुनिंबाचा पाला घालायचा, तोही सावलीत खुळखुळीत वाळवलेला. ओला पाला घातला तर किडीऐवजी बुरशी येते, बाकी फरक काही पडत नाही. कोठी भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळीवर ठेवायची आणि काठोकाठ भरायची. रिकामी जागा जितकी जास्त तितकी किडीला हवा जास्त.

किडीच्या विषारी गोळ्या, ज्यांना सगळे सल्फास म्हणतात, घरातल्या कोठीत अजिबात टाकू नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. पाल्याने भागत नसेल तर थोडी ज्वारी सोंडे लागायच्या आधीच शेजाऱ्याला विकलेली बरी. तूरडाळीला एरंडेल पुरतं: किलोला एक छोटा चमचा, दोन्ही तळहातांना लावून डाळीला चोळायचं.

दळण मात्र एका वेळी आठ-दहा दिवसांचंच. ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट होतं आणि त्यातला चिकटपणा जातो. भाकरी थापताना कडा फाटतात, मग पोरं 'आज पोळी कर' म्हणतात आणि गहू दुप्पट संपतो. पीठ जुनं झालंच असेल तर मधोमध उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग मळा. त्यातही मूठभर ताजं पीठ मिसळलं तर भाकरी निघते.

कडक भाकरी: गॅस वाचवायचा सोलापुरी उपाय

रोज दोन वेळा तवा तापवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पंधरा-वीस कडक भाकरी करून ठेवणं गॅसच्या दृष्टीने फायद्याचं. तवा तापायला लागणारा गॅस एकदाच जातो, आणि कामावर लवकर निघणाऱ्यांचा सकाळचा डबा फुकटात तयार.

पीठ ताजं हवं. चाळून घ्यायचं, मीठ घालायचं, गरम पाण्यात मळायचं. भाकरी पापडाहून थोडी जाड थापायची, नेहमीच्या निम्मीसुद्धा नाही. तव्यावर टाकली की पाणी फिरवून उलटायची आणि आता ती फुगू द्यायची नाही. फडक्याच्या बोळ्याने कडेपासून मध्यापर्यंत दाबत राहायचं. नेहमीच्या भाकरीत फुगणं हे कौतुक, इथे तो दोष. फुगली की दोन पापुद्र्यांत वाफ अडकते, बाहेरून कडक दिसली तरी पोटात मऊ राहते आणि चौथ्या दिवशी तिथेच बुरशी धरते. दोन्ही बाजूंनी बदामी डाग पडले की उतरवून जाळीवर उभी करायची. शेवटची भाकरी झाली, गॅस बंद केला, की आधीच्या दोन-तीन त्याच गरम तव्यावर पालथ्या ठेवून द्या, राहिलेली धगही कामाला येते. दुसऱ्या दिवशी दोन तास ऊन. हातात मोडली तर आवाज यायला हवा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात. उन्हाळ्यात तीन आठवडे चांगली राहते, पावसाळ्यात आठ-दहा दिवस धरा.

सोबत शेंगाचटणी घरीच करा. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर 12–15 मिनिटं भाजा. घाई केली तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. गार करून सालं पाखडा. 15–20 लसूण पाकळ्या कोरड्याच तव्यावर परता. कच्च्या लसणातलं पाणी चटणी खवट करतं. एक चमचा जिरं, दोन-तीन चमचे तिखट, चवीला मीठ. उखळात कुटली तर शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणीला तो तेलकट ओलावा येतो, ज्यासाठी लोक दुकानात पैसे मोजतात. मिक्सरमध्ये करायची तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये मध्ये भांडं हलवा. सलग फिरवली तर शेंगदाण्याचा लगदा होतो आणि तो परत चटणी होत नाही.

कांदा

साठवायचा तो फक्त उन्हाळी, म्हणजे मार्च ते मेमध्ये निघणारा. पावसाळी लाल कांदा कितीही स्वस्त मिळो, तो महिनाभरही धड टिकत नाही. चार माणसांना महिन्याला 5–6 किलो लागतो, तेव्हा पावसाळ्याचे चार महिने काढायला 25 किलो घ्या. मान बारीक आणि वाळलेली, साल दोन-तीन पदरी, दाबला तर दगडासारखा. जाड मानेचा कांदा पहिला कुजतो.

गोणीत बांधून ठेवायचा नाही. फळांचे प्लास्टिकचे जाळीदार क्रेट मिळतात, त्यात अर्धं भरून हवेशीर सावलीत. बटाट्याजवळ नको, दोघेही एकमेकांना बिघडवतात. आठवड्यातून एकदा हात घालून मऊ झालेले आणि मोडावर आलेले बाजूला काढून आधी वापरा. चार महिन्यांत वजन घटतं आणि थोडे कांदे सडतात, मिळून पाचवा हिस्सा जातो असं धरून हिशेब करा. पुढे भाव किमान सव्वापट होईल असं वाटत नसेल तर साठवायची यातायात करू नका.

गॅस आणि डाळ

घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. 15.9 लिहिलं असेल तर भरलेली टाकी 30.1 किलो भरली पाहिजे. टाकी आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा, मागायला लाजू नका. टाकीवरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नका.

टाकी लावली ती तारीख कॅलेंडरवर लिहा. 40 दिवस पुरली तर रोजचे 355 ग्रॅम. हा आकडा माहीत झाला की पुढच्या महिन्यात फरक पडला की नाही ते कळतं, नाहीतर सगळं 'यंदा लवकर संपला वाटतं' यावर चालतं. ज्योत पिवळी दिसली, भांड्याची बूड काळी झाली, तर बर्नरची भोकं चोंदली आहेत. बर्नर काढून गरम पाणी-सोड्यात भिजवा, भोकं पिनने मोकळी करा, पूर्ण वाळवून लावा.

आता डाळ. सोलापुरात पुष्कळ घरांत दोन पाणी असतात: नळाचं आणि बोअरचं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, कारण त्यातले क्षार डाळीची साल आणि गर घट्ट करून टाकतात. चार शिट्ट्यांचं काम आठ शिट्ट्यांत होतं आणि तरीही आमटीत डाळ वेगळी, पाणी वेगळं. नळाचं पाणी कमी आहे म्हणून डाळीला बोअरचं वापरणं ही उलटी काटकसर झाली. नळाचं दीड लिटर डाळ-भातासाठी बाजूला काढा आणि फरशी, संडास, भांड्यांचं पहिलं पाणी बोअरवर ढकला. कपड्यांनाही जड पाण्यात साबण जास्त लागतो, तेव्हा पांढरे आणि अंगावरचे कपडे नळाच्या पाण्यात, बाकीचे बोअरवर.

तूरडाळ अर्धा तास, हरभरा-छोले रात्रभर भिजवा. चिंच, टोमॅटो आणि आमसूल डाळ शिजल्यावरच. आंबटात डाळ मऊ व्हायचं थांबते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. कुकरमधलं पाणी तेव्हा 120 अंशांच्या आसपास असतं, मोठी आच ठेवून ते आणखी तापत नाही, जास्तीचा गॅस शिट्टीतून बाहेर पडतो. म्हणून शिट्ट्या मोजण्यापेक्षा बारीक आचेवरची मिनिटं मोजा: भिजवलेल्या तुरीला आठ ते दहा.

पाणी

उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवणं टळत नाही. 200 लिटरचा ड्रम झाकण घट्ट बसणारा घ्या. आठवड्यातून एक दिवस तो पूर्ण रिकामा करून आतून काथ्याने घासायचा. नुसतं पाणी ओतून दिलं तर डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली राहतात आणि नवं पाणी भरलं की फुटतात. आजारपणाचं एक बिल वर्षभराची बचत खातं, म्हणून हे काटकसरीच्याच यादीत.

ठिबकणारा नळ सेकंदाला एक थेंब टाकत असेल तर दिवसाला वीसेक लिटर जातं. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ते म्हणजे मोठी घागर-कळशी नव्हे, जवळजवळ अर्धा ड्रम. दुरुस्ती घरच्या घरी होते. मेन कॉक बंद करा, नळ उघडून आतलं पाणी संपू द्या. पान्याने नळाचा वरचा भाग सोडवा, त्याखाली रबराचा वॉशर दिसेल. जुना वॉशर खिशात घालून दुकानात जा आणि तेवढ्याच मापाचा आणा, 'अर्धा इंची' एवढ्यावर विश्वासून घेतलेला बऱ्याचदा बसत नाही. लावायच्या आधी नळाच्या आत बोट घालून पाहा. जिथे वॉशर टेकतो ती कड क्षारांनी खरखरीत झाली असेल तर बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून ती गुळगुळीत करा. हे केलं नाही तर नवा वॉशर महिन्याभरात कापला जातो आणि दोष वॉशरवर जातो. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे. आणि घरात सगळ्यांना सांगा, नळ करकचून आवळायचा नाही.

आरओचं टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशी आणि संडासाला वापरा. झाडांना आणि कूलरला नको, त्यात क्षार दाटलेले असतात.

वीज: आधी मोजा

महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. 'तीनशे ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने' हा समज चुकीचा आहे, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याचाच अर्थ असा, की वाचवलेला प्रत्येक युनिट तुमच्या बिलातला सगळ्यात महाग युनिट असतो. बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका, ज्या टप्प्यात शेवटचा युनिट पडतो त्या दराने करा.

कोण किती खातं हे मीटरच सांगतो. मीटरवर 3200 इम्पल्स किंवा तसा आकडा असतो, आणि एक लाल दिवा लुकलुकत असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. घरातलं सगळं बंद करा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर काहीतरी चालू राहिलंय किंवा वायरिंगमध्ये गळती आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग एकच उपकरण चालू करून 10 लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. 3200 च्या मीटरवर 10 लुकलुकी 30 सेकंदांत झाल्या तर ते उपकरण 375 वॅट खातंय. 60 सेकंद लागले तर निम्मं. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, जुना फ्रिज, गच्चीवरची मोटार, सगळ्यांची अशी एकदा झडती घ्या. जास्त कोण खातं याबद्दलचा घरातला वाद दहा मिनिटांत मिटतो.

पंख्याचं गणित सोलापुरात वेगळं आहे, कारण पंखा इथे आठ-नऊ महिने चालतो. जुना पंखा 75 वॅट, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी मोटारीचा पंखा साधारण 30. दिवसाला 18 तास धरले तर महिन्याला 24 युनिट वाचतात, एका पंख्यामागे. सगळे एकदम बदलू नका, ज्या खोलीत रात्रंदिवस चालतो तो आधी. पाहुण्यांच्या खोलीतला बदलणं म्हणजे हौस. कागदी बिलाऐवजी ईमेलवर बिल घेतलं तर 'गो ग्रीन'मध्ये वर्षाला 120 रुपये सुटतात, तेवढ्यासाठी पाच मिनिटं द्यायला हरकत नाही. गच्ची स्वतःची असेल आणि बिल उन्हाळ्यात 300 युनिटांच्या वर जात असेल तर पीएम सूर्यघर योजनेचा विचार करा: 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा जास्तला 78,000 रुपये अनुदान आहे. 1 किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो.

ऊन छतावरच अडवा

रात्री अकरालाही भिंती गरम लागतात त्या स्लॅबमुळे. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय जुनी आहे, पण पाण्याची टंचाई असताना ती परवडत नाही. मार्चअखेर चुना मारा. 5 किलो चाळलेला चुना 10–12 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्यात अर्धा किलो लाकूडकामाचा पांढरा गोंद आणि मूठभर मीठ ढवळा. दुधापेक्षा जरा दाट हवा. गच्ची झाडून, भेगा बुजवून, आधी ओली करून घ्या. सकाळी नऊच्या आत पहिला हात, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा हात. दुपारी मारला तर चुना झटकन सुकतो आणि पायाला पावडर लागते. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे. चुना डोळ्यात गेला तर मजा नाही. माळवदाच्या घराला याची गरज कमी, माती मुळातच ऊन थोपवते.

कूलर 150–200 वॅट खातो, दीड टनाचा एसी चालू असताना तासाला एक ते दीड युनिट. आपल्या कोरड्या हवेत कूलर भारी पडतो, पण खोली बंद करून लावला तर दोन तासांत नुसता दमटपणा. कूलर खिडकीत, तोंड आत, आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं. मोठ्या कूलरला रात्रीत 30–40 लिटर पाणी सहज लागतं. बोअरचं वापरत असाल तर आठवड्यातून दोनदा टाकी पूर्ण रिकामी करा, नुसतं वर पाणी घालत राहिलात तर क्षार दाटतात, पॅड दगड होतात आणि हवा आतच येत नाही.

माठ गार करत नसेल तर तोच प्रकार, छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. बाहेरून काथ्या आणि जाड मिठाने घासा, साबण लावू नका, मातीत तो मुरतो आणि पाण्याला वास येतो. घासूनही बाहेरचा पृष्ठभाग ओलसर लागला नाही तर माठ संपला. त्यात आता कांदे ठेवा.

थोडं कापडाबद्दल

टॉवेल-चादरींच्या गावात राहून पूर्ण भावाने टॉवेल घेणं म्हणजे कमालच. डाग पडलेला, कड सुटलेला 'सेकंड'चा माल मागा. कड शिवून घेता येते, पण उजेडासमोर धरून विणीत रेघ दिसली किंवा फासे ओढल्यावर सुटू लागले तर तो घेऊ नका. सोलापुरी चादर पहिल्या दोन धुण्यांत वेगळी धुवा, गार पाण्यात, रंग बसेपर्यंत. विरली तरी फेकायची नाही, दोन चादरी आणि मध्ये जुनी साडी अशी वाकळ हिवाळ्यात कामाला येते.

मृग लागल्यावर

हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. त्याच आठवड्यात टाकी रिकामी करा, पंपाची जाळी काढून धुवा, लाकडी भुशाचे पॅड काढून टाका, हनीकोंब पॅड व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून वाळवा. मोटारीच्या बेअरिंगला दोन थेंब मशीन ऑइल द्या. कूलर पूर्ण कोरडा झाल्यावरच झाका, ओला झाकला तर पुढच्या मार्चमध्ये पत्रा गंजलेला आणि पंप जाम सापडतो. ज्वारीच्या कोठीत मात्र दर पंधरा दिवसांनी कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत ऊब लागली तर कीड सुरू झाली आहे. पहिली उघडीप मिळाली की कोठी रिकामी करून ज्वारी पुन्हा उन्हात टाका.